पाणी येण्याआधीची रात्र

मराठी साहित्यातला पूर बहुतेक वेळा पाणी ओसरल्यावर सुरू होतो. कुसुमाग्रजांची 'कणा' मराठी शाळेत शिकलेल्या कुणाला माहीत नाही? तिच्यातला तरुण सरांच्या दारात येऊन उभा राहतो तेव्हा सगळं घडून गेलेलं असतं. नदीनं घर धुऊन नेलंय, बायकोला सोबत घेऊन तो पुन्हा घर उभं करायला लागलाय, आणि सरांकडून त्याला पैसे नकोत, धीर हवाय. कविता मला शाळेत आवडायची, आजही आवडते. पण अलीकडे ती वाचताना मनात भलताच प्रश्न येतो. आदल्या रात्री हा माणूस काय करत होता? पाणी वाढतंय हे त्याला कधी कळलं? बायको "चला, निघू" म्हणाली होती का? तो "थांब, एवढं काही येत नाही" म्हणाला होता का?

एका छोट्या कवितेला हा प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे, कारण तिचा विषय वेगळा आहे. म्हणून तो मी एकट्या 'कणा'ला विचारत नाही. आपल्या वाचनातल्या, आठवणींतल्या, दर जुलैला छापून येणाऱ्या पुराच्या एकूण लेखनालाच विचारते. त्यात नुकसान आहे, मदत आहे, माणुसकी आहे, राजकारण आहे. फक्त तो निर्णय नाही. घर सोडायचं की थांबायचं, हे ठरवण्याचे ते पाच-सहा तास आपल्याकडे जवळजवळ कुणी लिहिलेलेच नाहीत.

माझा या विषयाशी संबंध सांगते. मी कासुर्डीची. पुणे-सोलापूर हायवेवर, यवतच्या अलीकडे, दौंड तालुक्यात हे गाव आहे. टोलनाक्यामुळे अनेकांनी नाव ऐकलेलं असतं. आमचं गाव नदीवर नाही, आम्हाला पाणी माहीत ते कालव्याचं. आजोळ मात्र मुळा-मुठेच्या काठावर, उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात. पुण्याच्या वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी शहर ओलांडून त्या काठानं पुढे जातं, भीमेला मिळतं, दौंडवरून उजनीत पोचतं. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एकच आकडा फिरतो: विसर्ग.

या आकड्याची गंमत अशी की तो एकाच वेळी दोन उलट्या बातम्या देतो. 'दौंडचा विसर्ग वाढला' हे वाक्य सोलापूरकडच्या शेतकऱ्यासाठी आनंदाचं असतं, कारण उजनी भरणार. माझ्या मामांसाठी त्याच वाक्याचा अर्थ असतो, नदीतली मोटार काढायची का? नदीकाठी घर सोडण्याचा निर्णय एकदम येत नाही, त्याला पायऱ्या असतात. पहिली पायरी मोटार. मग गोठ्यातली जनावरं. मग धान्य आणि कागदपत्रं. माणसं सगळ्यात शेवटी. मोटार काढायची तर चार माणसं, दोर, ट्रॅक्टर लागतो, केबल आणि पाईप सोडवावे लागतात, आणि पाणी नाहीच वाढलं तर सगळं परत बसवायचं. पुरात गेली तर हजारो रुपये गेले. म्हणजे प्रत्येक इशाऱ्याला मामांना एक छोटा जुगार खेळावा लागतो. या जुगारात कादंबरी आहे असं मला वाटतं. ती कुणी लिहीत का नाही?

नोकरीत माझा इशाऱ्यांशी रोजचा संबंध आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सर्व्हरवर काही बिघडायला लागलं की रात्री-अपरात्री आमचे फोन वाजतात. हे अलर्ट लावताना एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते: चुका दोन प्रकारच्या असतात. काही झालेलं नसताना अलर्ट वाजणं ही एक, आणि काही झालेलं असताना न वाजणं ही दुसरी. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो इतकाच, की कोणती चूक किती वेळा सोसायची तुमची तयारी आहे.

पुराचंही असंच आहे. निघालो आणि पाणी आलं नाही, ही पहिली चूक. थांबलो आणि पाणी आलं, ही दुसरी. पहिलीची किंमत लहान, पण वरचेवर मोजावी लागणारी. दुसरीची क्वचित, पण मोजायला माणूस उरेलच असं नाही. आणि आपल्या गोष्टी या दोन चुकांना कशा वागवतात ते बघा. लहानपणी ऐकलेल्या दोन कथा घ्या. 'लांडगा आला रे आला' मधला पोरगा खोटी हाळी देतो, म्हणून खरी हाळी वाया जाते. आणि तो भित्रा ससा, पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळलं असं समजून पळत सुटतो आणि रानातली सगळी जनावरं पळवतो. पहिली कथा शिकवते, वाया गेलेला इशारा म्हणजे लबाडी. दुसरी शिकवते, घाबरून पळणारा म्हणजे मूर्ख. दोन्ही कथा चांगल्याच आहेत, पण हवामानाच्या अंदाजाला त्या लागू पडत नाहीत. वादळानं दिशा बदलली म्हणून अंदाज देणारा लबाड ठरत नाही. पाणी अंगणापर्यंत येऊन थांबलं म्हणून रात्री शाळेत जाऊन झोपलेलं कुटुंब मूर्ख ठरत नाही. पण गावात सकाळी त्या कुटुंबाकडे बघून जे हसतात, ते याच दोन कथांवर वाढलेले असतात. माणसं त्या हसण्याला पाण्याइतकीच भितात, आणि तरी त्या हसण्यावर आपल्याकडे गोष्ट नाही.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेतली फार जुनी एक पूरकथा इशाऱ्याचीच आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक लहान मासा येतो. मला सांभाळ, मी तुला वाचवीन, म्हणतो. मनू त्याला आधी भांड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात, असा वाढवत नेतो. मासा त्याला पूर कधी येणार ते सांगतो आणि नाव बांधायला सांगतो. मनू ऐकतो. का ऐकतो? माझं उत्तर असं: त्यानं तो मासा वाढवलेला असतो. इशाऱ्याआधी नातं आहे. माझे मामा सरकारी मेसेज वाचतात, पण हलतात ते वरच्या गावातल्या पाहुण्यांचा फोन आल्यावर. "दाजी, आमच्या पुलाला पाणी टेकलं" हे एक वाक्य क्युसेकच्या आकड्यापेक्षा जास्त काम करतं. हा अडाणीपणा नाही. कुणावर विश्वास ठेवायचा याचा तो अनेक वर्षांत तपासून घेतलेला हिशोब आहे.

आता त्या सरकारी मेसेजकडेही मजकूर म्हणून बघू. समीक्षकांनी हे कधी केलेलं दिसत नाही, पण दर पावसाळ्यात लाखो लोक ज्या मराठी गद्यावर आपला जीव टांगतात, ते हेच आहे. अमुक धरणातून अमुक वाजता अमुक क्युसेक विसर्ग सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. कर्ता गायब. पाणी कुणी सोडत नाही, ते 'सोडण्यात येतं'. आकडा अचूक आणि निरुपयोगी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडलेलं होतं, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. पण हा गुणाकार करूनही पाणी आपल्या पायरीला लागणार की नाही हे कळत नाही. शेवटी क्रियापद येतं ते 'सतर्क राहावे'. सतर्क राहणं ही कृती नव्हे. जागं राहून बघत बसलेला माणूसही सतर्कच असतो. कुठे जायचं, किती वाजेपर्यंत, जनावरांचं काय, म्हातारीला कोण उचलणार, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. त्या पहाटे अनेक रहिवाशांची तक्रार होती की आम्हाला वेळेत कळवलंच नाही. पण कळवलं असतं तरी 'सतर्क राहावे' एवढंच कळवलं असतं तर काय, हा प्रश्न उरतोच. चांगल्या गद्याची परीक्षा एरवी पुरस्कार समितीत होते. इथे ती पहाटे तीन वाजता होते.

पुण्याकडे या निर्णयाचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे आणि तरी ते नीट लिहिलेलं नाही. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. म्हणजे धोका आहे हे कुणाला तरी माहीत होतं, आणि खाली शहर झोपलेलं होतं. पानशेतच्या आठवणी पुष्कळ आहेत. पाणी कितव्या जिन्यापर्यंत आलं, कोण छपरावर चढलं, नंतर कोण गोखलेनगरला गेलं. पण या आठवणी मोजमापाच्या आहेत. भिंतीवरच्या खुणेसारख्या. कुणी निघण्याचा विचार केला आणि केला नाही, याबद्दल कुणी बोलत नाही. बोलणार तरी कसं? जिथे इशाराच पोचला नाही तिथे निर्णयही नसतो. इशारा न देणं म्हणजे लोकांचा निर्णय परस्पर घेऊन टाकणं, हे पानशेतबद्दलचं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि ते एखाद्या कादंबरीत यायला हवं होतं.

भिंतीवरच्या खुणा पुढे फसवतात, तो वेगळाच धडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत अनेक घरांनी सामान २००५ च्या खुणेच्या वर ठेवलं आणि निश्चिंत झाले. २००५ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ फूटही ओलांडून गेलं. म्हणजे आठवण होती, चांगली नेमकी होती, आणि तिनंच थांबवून ठेवलं. 'आपल्या इथे एवढं येत नाही' हे वाक्य अज्ञानातून आलेलं नसतं. ते अनुभवातून आलेलं असतं, म्हणून तर ते मोडायला इतकं अवघड.

मग मराठीत निघण्याची गोष्ट नाहीच का? आहे, पण पाण्याची नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळ पडतो, मेंढरं मरू लागतात, माणसं गाव सोडतात आणि शेवटी तरुण मास्तरही निघतो. ते निघणं माडगूळकर ज्या संयमानं लिहितात, त्याला तोड नाही. पण दुष्काळ वेळ देतो. रोज थोडं थोडं ठरत जातं, शेवटी ठरवायलाच काही उरत नाही. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त (१९९१) धरणासाठी गाव उठवलं जातं. तिथे पाणी येणार हे नक्की असतं, आणि ठरवणारं सरकार असतं. एका बाजूला निसर्गाची मंद सक्ती, दुसऱ्या बाजूला राज्याची. मधली जागा, जिथे पाणी कदाचित येईल, कदाचित नाही, आणि आज संध्याकाळीच ठरवायचंय, ती रिकामी राहिली.

ही जागा कशी भरता येते ते बघायचं तर झोरा नील हर्स्टनची 'देअर आइज वर वॉचिंग गॉड' (१९३७) वाचावी. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात आलेल्या चक्रीवादळात ओकीचोबी तळ्याचा बांध फुटला आणि दोन हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर. कादंबरीत जेनी आणि तिचा नवरा टी केक त्या तळ्याकाठी शेंगा तोडायच्या कामाला असतात. वादळाआधी सेमिनोल आदिवासी रांगेनं पूर्वेकडे जाताना दिसतात. मग प्राणी जाताना दिसतात. मग एक मित्र गाडी घेऊन येतो, चला म्हणतो. टी केक नाही म्हणतो. त्याची कारणं नीट ऐका: मजुरी चांगली मिळतेय, उद्या ऊन पडेल, आणि मुख्य म्हणजे जमिनीचे गोरे मालक अजून गेलेले नाहीत. सेमिनोलांना एवढं कळत असतं तर देश त्यांच्या हातातून गेला असता का, असाही त्याचा युक्तिवाद असतो.

हे दृश्य फार मोठं नाही, पण त्यात सगळं आहे. टी केक मूर्ख नाही. माहिती कुणाची खरी मानायची हे तो सत्ता कुणाची यावरून ठरवतो. मालक थांबलाय म्हणजे धोका नसेल. मालकाचं घर मजबूत आहे आणि आपलं नाही, हा फरक त्या क्षणी त्याला दिसत नाही. आणि जेनी? जीव दोघांचा, पण त्या संध्याकाळी ठरवतो टी केक. हर्स्टन यावर भाषण करत नाही. पाणी येतं, दोघं पळतात, पळताना टी केकला पिसाळलेलं कुत्रं चावतं, आणि त्या 'नाही'ची किंमत पुढे जेनीला स्वतःच्या हातानं चुकवावी लागते.

जेस्मिन वॉर्डच्या 'सॅल्व्हेज द बोन्स'मध्ये (२०११) याच्या उलट आहे. कॅटरिना येण्याआधीचे दिवस मोजत कादंबरी पुढे सरकते. बाप फळ्या ठोकतोय, पाणी भरतोय, पण घरात त्याचं कुणी मनावर घेत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला दिवस गेलेत, भावाच्या कुत्रीला पिल्लं झालीत. वादळ ही त्या घरातली पाचव्या क्रमांकाची काळजी आहे. मग फोन वाजतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज घर सोडायला सांगतो, थांबलात तर मरू शकता असंही सांगतो. आमच्या 'सतर्क राहावे'पेक्षा तो आवाज कितीतरी स्पष्ट आहे. तरी ते जात नाहीत. वॉर्ड दाखवते ते असं, की इशारा गरीब घरात पोचतो तेव्हा तिथे आधीच रांग लागलेली असते.

आणि अमिताव घोष. 'द ग्रेट डिरेंजमेंट'मध्ये (२०१६) ते मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं तर काय, याचा विचार करतात. पण मला लक्षात राहिली ती त्यांच्या आईची हकीकत. कोलकात्याला असलेला धोका एका अहवालात वाचून ते आईला घर बदलण्याबद्दल सुचवतात, आणि ती मुलाला वेड लागलंय अशा नजरेनं बघते. घोष प्रामाणिकपणे कबूल करतात की तिचं चुकत नव्हतं. अहवाल वाचून कुणी घर सोडत नाही. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की हे निर्णय एकेकट्या माणसावर सोडून चालणार नाहीत, ते सामूहिक असायला हवेत. मला तो अर्धाच पटतो. सामूहिक व्यवस्था हवीच. पण शेवटी एका घरात, एका उंबऱ्यावर, कुणीतरी कुणाला तरी "चल" म्हणावंच लागतं.

यावर कुणी म्हणेल, चक्रीवादळं आपल्याकडे येतातच कुठे? येतात. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगड उद्ध्वस्त करून पुणे जिल्ह्यातून पुढे गेलं. कोरोनाच्या दिवसांत लोकांना निवाऱ्यात एकत्र आणायचं होतं, म्हणजे एका धोक्यातून काढून दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचं होतं. १७ मे २०२१ ला तौक्तेमध्ये मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती आणि अंदाज काही दिवस आधीपासून होता. सत्तरहून अधिक माणसं गेली. तिथे निघायचं की थांबायचं हे कामगारांच्या हातात नव्हतंच. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. बार्जवरच्या कामगाराला बातमी होती पण अधिकार नव्हता. इर्शाळवाडीला बातमीच नव्हती. मामांना आकडा मिळतो पण अर्थ मिळत नाही. या तिघांच्या तीन वेगळ्या कादंबऱ्या आहेत, आणि आपण तिघांनाही 'आपत्तीग्रस्त' या एका शब्दात बसवून मोकळे होतो. ग्रस्त म्हणजे ज्याच्यावर काहीतरी आलं तो. ज्यानं काही ठरवलं, किंवा ज्याला ठरवू दिलं नाही, त्याच्यासाठी या शब्दात जागा नाही.

मला हवी असलेली मराठी कादंबरी एका संध्याकाळची आहे. तिच्यात नदी काठाच्या आत असते. मोटार काढून झालेली, बैल सोडायचे की नाही यावर दोन भावांचं जमत नाही, आजी "मी पानशेत बघितलंय" म्हणते पण तिचा विचार घ्यायचं कुणाला सुचत नाही, सून मुकाट्यानं रेशनकार्ड आणि सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत भरते. फोनवर आकडे येतात. शेवटी ते निघतात. आणि पाणी येत नाही. सकाळी ते परत येतात, लोक हसतात, जनावरांना चारा घातला जातो, आणि पुढच्या वेळी आकडा आला की हे पुन्हा निघतील का, हा प्रश्न तेवढा राहतो.

अशी गोष्ट फुसकी ठरेल असं वाटणं स्वाभाविक आहे. तिच्यात कुणी मरत नाही, कुणी घर पुन्हा उभं करत नाही, कुणाच्या धैर्याला दाद मिळत नाही. पण वाया गेलेल्या निघण्याला गोष्टीत मान मिळाला नाही तर गावातही मिळणार नाही, असं मला वाटतं. पूर ओसरल्यावर पाठीवर हात ठेवायला आपल्याला शिकवलंय. आदल्या संध्याकाळी तोच हात दंडाला धरून "ऊठ, पाणी नाही आलं तर सकाळी दोघं मिळून हसू" म्हणायला शिकवणारं मराठी पुस्तक मी शोधतेय.